लस टोचणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना खुले पत्र: ‘काही होत नाही’ हे आता पुरे

प्रिय सहकाऱ्यांनो,

गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस, म्हणजे एमएमआर, जे स्वतःच्या हातांनी टोचतात त्यांच्यासाठी हे पत्र आहे. सिस्टर, डॉक्टर, कार्ड भरणारे, राहिलेल्या मुलांची यादी घेऊन दारोदार फिरणारे, सगळ्यांसाठी. लस का द्यायची हे मी तुम्हाला शिकवायला बसलेले नाही. मला बोलायचंय ते सुई टोचण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन मिनिटांबद्दल. त्या दोन मिनिटांत आपण काय सांगतो आणि काय गिळून टाकतो, त्याबद्दल.

कितीतरी वर्षं माझ्या तोंडी एकच वाक्य होतं. बाळाला मांडीवर घट्ट धरून बसलेली आई विचारायची, “सिस्टर, काही होणार नाही ना?” आणि मी सिरिंजमधली हवा काढता काढता म्हणायचे, “काही होत नाही गं, घाबरू नकोस.” मागे रांग असायची, कुणाचं तरी मूल रडत असायचं. ते वाक्य मी मायेनंच म्हणायचे. आपण खोटं बोलतोय असं कधी मनात आलं नाही.

एक आई नवव्या दिवशी परत आली. बाळाला सणसणून ताप, कानामागे आणि छातीवर बारीक लालसर पुरळ. ती भांडायला आली नव्हती. रात्रभर जागल्यामुळे तिचा आवाजच बसला होता. एवढंच म्हणाली, “तुम्ही तर म्हणाला होतात, काही होत नाही.”

मग मी सगळं सांगितलं. या लसीत गोवराचा जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढतो आणि शरीर त्याला ओळखायला शिकतं. त्या शिकण्यात पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास काही मुलांना ताप येतो, शंभरातल्या पाचेक मुलांच्या अंगावर पुरळ उठतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. शब्द न् शब्द खरा होता. पण नवव्या दिवशी सांगितलेलं ते सगळं तिच्या कानाला सारवासारव वाटत होतं, आणि तिचं काय चुकलं? तेच शब्द नऊ दिवस आधी सांगितले असते, तर ताप चढल्यावर ती दचकली नसती. “सिस्टर म्हणाल्याच होत्या,” म्हणत तिनं बाळाचं अंग पुसलं असतं.

बाळ तिसऱ्या दिवशी खडखडीत बरं झालं. दुसऱ्या डोसला मात्र ती आली नाही. फोन केले, निरोप धाडले. नोंदवहीत त्या बाळाच्या नावापुढचा दुसरा रकाना मी तिथे काम करत होते तोवर कोराच राहिला.

तेव्हापासून मला सारखं वाटत आलंय की दुसरा डोस बऱ्याचदा पहिल्याच दिवशी आपल्या टेबलापाशी हरवतो.

जगाचे आकडे बघा. २०२३ साली जगातल्या ८३ टक्के मुलांना गोवराच्या लसीचा पहिला डोस मिळाला, दुसरा मिळाला ७४ टक्के मुलांना. ज्यांना पहिलाच मिळाला नाही त्यांची गोष्ट निराळी; त्यांच्यापर्यंत कधी रस्ता पोहोचत नाही, कधी शीतपेटी, तर कधी युद्धामुळे कुणीच पोहोचू शकत नाही. पण या दोन आकड्यांमधली जी तफावत आहे, तिच्यातली घरं एकदा तरी आपल्या दारात आलेली असतात. त्यांनी बाही वर केली होती. ती परत का आली नाहीत याला हजार कारणं असतील. बुडणारी मजुरी, बदललेलं गाव, हरवलेलं कार्ड. सगळं खापर मी आपल्या बोलण्यावर फोडत नाही. पण आपल्या बोलण्याचा वाटा जो आहे तो आपल्या हातातला आहे, म्हणून त्यावर बोलते.

त्याच २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ३ लाख लोकांना गोवर झाला आणि अंदाजे १,०७,५०० माणसं त्यानं गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. ज्या आजाराची लस १९६३ पासून आपल्या हातात आहे, त्या आजाराचा हा आकडा आहे.

दुसऱ्या डोसबद्दल आपण आणखी एक चूक करतो. त्याला ‘बूस्टर’ म्हणतो. आई घरी जाऊन सांगते, “पहिला झालाय, आता फक्त बूस्टर राहिलाय,” आणि ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे मुख्य काम झालं, राहिलं तर राहिलं. गोवराच्या बाबतीत दुसरा डोस पहिल्याचा विरत चाललेला रंग गडद करण्यासाठी नसतो. तो असतो ज्या मुलांवर पहिल्या डोसचा परिणामच झाला नाही त्यांच्यासाठी. नवव्या महिन्यात दिली तर लस शंभरातल्या साधारण ८५ मुलांमध्ये लागू पडते, वर्ष उलटल्यावर दिली तर साधारण ९५ मुलांमध्ये. कारण बाळाच्या अंगात आईकडून आलेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं असतात, आणि ती लसीतल्या विषाणूला वाढूच देत नाहीत. म्हणून तर जिथे गोवराचा धोका जास्त तिथे पहिला डोस नवव्या महिन्यात आणि जिथे कमी तिथे १२ ते १५ महिन्यांच्या दरम्यान ठेवलेला असतो. लवकर द्यावा तर काही मुलांत लागू पडत नाही, उशिरा द्यावा तर मधल्या काळात मूल उघडं पडतं. मूल समोर बसलेलं असताना त्याच्यावर पहिला डोस लागू पडला की नाही हे मला कळत नाही, तुम्हालाही कळत नाही आणि त्याच्या आईला तर नाहीच नाही. म्हणून दुसरा सगळ्यांना द्यायचा. हे मी ज्या आयांना असं उलगडून सांगितलं, त्यांच्यातल्या एकीनंही मला “मग एकच का पुरत नाही?” असं पुन्हा विचारलं नाही.

आता समोआबद्दल. आपल्यापैकी प्रत्येकानं या घटनेचा अभ्यास करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

जुलै २०१८. प्रशांत महासागरातल्या या छोट्या देशात, सावाई बेटावर, साधारण वर्षाच्या दोन बाळांना एकाच दिवशी एमएमआर लस टोचली गेली आणि काही मिनिटांत दोन्ही बाळं गेली. लसीत दोष नव्हता. लसीची कोरडी भुकटी ज्या पाण्यात विरघळवायची असते, त्या डायल्युअंटऐवजी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी वापरतात ते औषध, तेही मुदत संपलेलं, मिसळलं गेलं होतं. दोन परिचारिकांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली.

पण ते सगळं बाहेर यायला वेळ लागला. तोवर एमएमआरचं लसीकरण कित्येक महिने बंद होतं. लोकांनी एवढंच पाहिलं होतं की लस दिली आणि बाळं गेली. आधीच घसरत चाललेलं पहिल्या डोसचं प्रमाण त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार ३१ टक्क्यांवर आलं. २०१९ च्या शेवटच्या महिन्यांत तिथे गोवर शिरला. जेमतेम दोन लाख लोकवस्तीच्या देशात ५,७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ८३ जण गेले, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची. नोव्हेंबरमध्ये आणीबाणी जाहीर झाली, शाळा बंद झाल्या. डिसेंबरच्या ५ आणि ६ तारखेला सरकारी कचेऱ्या बंद ठेवून कर्मचाऱ्यांना लसीकरणाला जुंपलं. ज्या घरात लस न घेतलेलं माणूस आहे त्या घराबाहेर लाल कापड बांधायला सांगितलं होतं. आपल्यासारखीच माणसं ते लाल कापड शोधत घरोघर फिरत होती.

मी हे वाचते तेव्हा मला त्या दोन बाळांच्या आया दिसतात, आणि त्या दोन परिचारिकाही दिसतात. चुकीची कुपी उचलायला क्षण लागतो. म्हणून सांगते, फ्रिजमध्ये किंवा ट्रेमध्ये लसीशेजारी दुसरं कुठलंही औषध ठेवू नका. ज्या कंपनीची लस, त्याच कंपनीचं डायल्युअंट. कुपी तोडण्याआधी नाव मोठ्यानं वाचा, शेजारचीला ऐकू जाईल असं. विरघळवल्याची वेळ व्हायलवर, म्हणजे लसीच्या बाटलीवर, लिहा आणि सहा तास झाले किंवा सत्र संपलं, यातलं जे आधी होईल तेव्हा उरलेली टाकून द्या. या लसीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं औषध नसतं, हे आपण विसरतो. हात सवयीनं चालायला लागले की डोळे वाचायचे थांबतात, हे मी माझ्यावरूनच सांगते.

यातली एक गोष्ट मी आईसमोर करायला लागले आणि त्याचा जो परिणाम झाला तो मला अपेक्षित नव्हता. व्हायलवर लेबलच्या जागी किंवा टोपणावर एक गोल असतो आणि त्या गोलात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागत जाते तसा तो गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाला पोचला की ती व्हायल बाद. ही खूण ज्या व्हायलवर असते ती मी आईच्या हाताजवळ धरते आणि विचारते, “सांग बघू, आतला चौकोन फिका आहे ना?” ती वाकून बघते, “हो, फिका आहे.” मग तिच्यासमोर डायल्युअंट ओढून घेते, भुकटीत सोडते. तळाशी चिकटलेली ती कोरडी वडी क्षणात विरघळते आणि पाणी नितळ होतं. व्हायल हलक्या हातानं फिरवते. सगळं मिळून अर्धं मिनिट जातं. पण एवढ्यात ती आई नुसतं मूल धरून बसलेली राहत नाही, तीही तपासणारी होते. पुढच्या वेळी काही जणी स्वतःहून विचारतात, “सिस्टर, तो चौकोन दाखवा की.” असा प्रश्न कानावर आला की माझा दिवस चांगला जातो.

आता अवघड प्रश्नांकडे येते. आपण कपाळाला आठ्या घालतो असे प्रश्न.

“यानं मूल ऑटिस्टिक होतं म्हणतात, खरं का?” हा प्रश्न आला की आपल्यातले पुष्कळ जण एकतर हसतात किंवा चिडतात. दोन्ही करू नका, हात जोडून सांगते. तिनं तो प्रश्न विचारायला धीर गोळा केलेला असतो. तिला सांगा की १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरनं अवघ्या १२ मुलांवर एक निबंध छापला आणि तिथून ही भीती पसरली. नंतर कळलं की मुलांच्या नोंदींत फेरफार होते, पैशाचे हितसंबंध दडवलेले होते. २०१० मध्ये तो छापणाऱ्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफिल्डचा डॉक्टरकीचा परवाना गेला. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० दरम्यान जन्मलेल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा माग ठेवला गेला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वेगळं निघालं नाही. जपाननं १९९३ मध्ये एमएमआर बंदच केली होती, तीही वेगळ्याच कारणासाठी: तिथल्या लसीतल्या गालगुंडाच्या विषाणूच्या वाणामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाला सूज येत होती. लस बंद झाल्यावरही तिथे ऑटिझमचं निदान होणाऱ्या मुलांची संख्या वाढतच राहिली.

जपानचं ते कारणही लपवू नका. एखाद्या वाणात दोष सापडला, तो बाजूला काढला गेला, हे सांगितल्यानं विश्वास कमी होत नाही. आपण लपवलं आणि तिला दुसरीकडून कळलं, तर होतो.

आणि जी आई म्हणते, “माझ्या भाचीत लस दिल्यानंतरच फरक पडला,” तिला खोटं ठरवू नका. तिनं जे पाहिलं ते पाहिलेलंच असतं. मूल डोळ्याला डोळा देत नाही, हाकेला ओ देत नाही, बोलायला लागलेले शब्द विसरतं, हे ज्या वयात घरच्यांच्या लक्षात येतं, त्याच वयात हा डोस असतो. दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या. त्यांना जोडणारा धागा मात्र तिथे नाही. हे हळू बोलून सांगता येतं, आणि हळू बोलूनच सांगावं.

खरे धोकेही आपणच सांगायचे. ताप चढताना आकडी येणं, साधारण तीन-चार हजार डोसमागे एकदा. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण त्यानं सहसा कायमची इजा होत नाही. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट काही दिवस घटणं, तीस-चाळीस हजारांत एकदा. तीव्र ॲलर्जी, दहा लाखांत एखादी. त्यासाठीच तर आपण टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो, पण का बसवलंय हे सांगत नाही आणि आई दहाव्या मिनिटाला चप्पल घालून उठते. याच्या शेजारी गोवराचं माप ठेवा: हजारातल्या एकाच्या मेंदूला सूज, वीस मुलांमागे एकाला न्यूमोनिया, आणि उत्तम उपचार मिळतात तिथेही हजारामागे एक ते तीन मृत्यू. दोन्ही पारडी तिला दाखवा. ती अडाणी असो की शिकलेली, तोलता तिला येतं.

“आम्हाला पण झाला होता गोवर, काय झालं?” हा प्रश्न बहुतेक वेळा सोबत आलेल्या आजीचा असतो, आणि तो मला सगळ्यांत कठीण वाटतो, कारण आजी स्वतः समोर धडधाकट उभी असते. तिचा अनुभव खोडायचा कसा? खोडायचाच नाही. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला. तिथल्या ७,८०० च्या आसपास लोकांपैकी सहा हजार काही महिन्यांत आजारी पडले. पण ज्या म्हाताऱ्यांना १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर होऊन गेला होता, त्यांना ६५ वर्षांनंतरही तो पुन्हा झाला नाही. म्हणजे आजी म्हणते ते खरंच आहे, गोवर झालेलं माणूस जन्मभर सुरक्षित होतं. प्रश्न फक्त त्या सुरक्षिततेसाठी मोजलेल्या किमतीचा आहे. लस यायच्या आधी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसं गोवरानं जायची. ती मुलं मोठी होऊन आजीशेजारी उभी राहू शकली नाहीत. आजीला हळूच विचारलं, “तुमच्या भावंडांत, शेजारपाजारी कुणी गेलं होतं का?” तर बऱ्याचदा ती थोडा वेळ गप्प होते आणि एखादं नाव सांगते.

जी मुलं गोवरातून उठतात त्यांचंही सगळं सुटत नाही. आधीच्या आजारांशी लढून शरीरानं जी ओळख जमवलेली असते ती गोवर पुसून टाकतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणून गोवर झालेलं मूल पुढे कित्येक महिने सारखं आजारी पडतं. आणि फार क्वचित, सात-दहा वर्षांनी, मेंदूत दबा धरून बसलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. शाळेत हुशार असलेलं मूल अक्षर विसरायला लागतं, हातातली वस्तू पाडायला लागतं. त्यावर अजून उपचार नाही. मी असं एक मूल पाहिलंय. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहवत नाही.

गालगुंडाबद्दल थोडक्यात. गाल सुजतो, दुखतो, आठवड्यानं उतरतो, म्हणून लोक त्याला हसण्यावारी नेतात. लसीपूर्वी लहान मुलांचा एक कान कायमचा बहिरा होण्यामागे तो एक मोठं कारण होता, हे सांगितलं तरी पुरतं. वयात आलेल्या मुलांच्या अंडकोशाला सूज येते हेही बापाला सांगा; बाप मंडळी तिथे लगेच कान देतात.

“लसीत असतं तरी काय?” असं कुणी विचारलं, तर मी एक घरगुती गोष्ट सांगते. १९६३ च्या एका रात्री मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाची पाच वर्षांची मुलगी, जेरिल लिन, गाल दुखतोय म्हणून उठून त्याच्याकडे आली. गालगुंड होतं. त्यानं तिला झोपवलं, प्रयोगशाळेत जाऊन साहित्य आणलं आणि तिच्या घशातला नमुना घेतला. तो विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. १९६७ मध्ये त्याची लस आली. ती घेणाऱ्या पहिल्या मुलांमध्ये त्याचीच धाकटी मुलगी होती. १९७१ मध्ये त्यानंच तिन्ही लसी एकत्र करून एमएमआर बनवली. आजही कितीतरी लसींमध्ये गालगुंडाचा जो वाण आहे त्याचं नाव जेरिल लिन. ही गोष्ट ऐकताना आयांचे चेहरे सैलावतात. आजारी लेकीचा गाल बघणारा बाप त्यांना चटकन कळतो.

रुबेला मी मुद्दाम शेवटी ठेवला. आपल्यातल्या प्रत्येकाला आईचं बोलणं ऐकायचा कंटाळा येतो, तेव्हा आठवावी अशी ही हकीकत आहे. मुलाला रुबेला होतो तेव्हा हलका ताप आणि दोन-तीन दिवसांचं पुरळ, बस्स. १९४१ मध्ये सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुलं एकापाठोपाठ येऊ लागली. असं सांगतात की त्यांच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या, पोटुशी असताना आपल्याला रुबेला झाला होता म्हणून, आणि ते बोलणं ग्रेग यांच्या कानावर पडलं. त्यांनी ते उडवून लावलं नाही. एकेका आईला विचारत गेले, इतर डॉक्टरांना विचारत गेले, आणि जगाला पहिल्यांदा कळलं की गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झालेला हा किरकोळ आजार बाळाचे डोळे, कान, हृदय घेऊन जातो. पहिल्या बारा आठवड्यांत झाला तर हा धोका नव्वद टक्क्यांपर्यंत जातो. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची साथ आली तेव्हा सुमारे २०,००० बाळं हे व्यंग घेऊन जन्मली. गरोदर बाईला ही लस देता येत नाही, कारण ती जिवंत विषाणूची असते. तिच्याभोवतीच्या लहान मुलांना देता येते. म्हणजे आपल्या टेबलावर बसलेलं वर्षाचं बाळ ज्या काकूच्या, ज्या शेजारणीच्या मांडीवर खेळायला जाणार आहे, तिच्या पोटातल्या बाळासाठीही ती सुई असते. हे आईला सांगा. तिला ते फार पटकन पटतं.

दोन गोष्टी आणखी, कारण त्या मी डोळ्यांनी पाहिल्यात आणि त्यांचा मला राग येतो.

सर्दी आहे, थोडं नाक वाहतंय, जुलाब होऊन गेलेत म्हणून आपण मुलाला परत पाठवतो. किरकोळ सर्दी-खोकला हे लस न देण्याचं कारण नाही. अंड्याची ॲलर्जीही नाही. गरोदरपण, प्रतिकारशक्ती अगदी ढासळलेली असणं, आधीच्या डोसला किंवा लसीतल्या निओमायसिन-जिलेटिनसारख्या घटकाला तीव्र ॲलर्जी आलेली असणं, ही खरी कारणं आहेत. नाकातून पाणी गळणाऱ्या ज्या मुलाला आपण “पुढच्या वेळी आण” म्हणतो, त्याची पुढची वेळ कधी कधी येतच नाही.

आणि दुसरं, व्हायल. दहा डोसांची व्हायल, समोर एकच मूल. आपण म्हणतो, “आज मुलं कमी आहेत, एकासाठी फोडता येत नाही, पुढच्या आठवड्यात ये.” नऊ डोस वाया जाऊ नयेत म्हणून. हिशोब मलाही कळतो, वरून विचारणा होते हेही ठाऊक आहे. पण गोवर झालेलं माणूस खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि त्या खोलीत आलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या दहांतल्या नऊ जणांना तो गाठतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो, म्हणजे कुणाला गोवर आहे हे कळायच्या आधीच. तो आठवडाभर थांबत नाही. एका मुलासाठी व्हायल फोडा. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. आणि आपल्या वर बसणाऱ्या अधिकाऱ्यांना, जे हे पत्र वाचत असतील त्यांना, माझी विनंती आहे: वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारता, तसाच परत पाठवलेल्या मुलांचाही विचारा. परत पाठवलेल्यांसाठी नोंदवहीत रकानाच नाही.

मी आता काय करते ते सांगते आणि थांबते. लस टोचल्यावर कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं दोन तारखा लिहिते, आजपासून पाचवा दिवस आणि बारावा दिवस. त्यापुढे: “या दिवसांत ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकतं. दोन-तीन दिवसांत जातं. तापाचं औषध चालेल. आकडी आली, मूल सुस्त पडलं, दूध घेईना झालं, तर लगेच या.” खाली ज्या नंबरावर खरंच कुणीतरी फोन उचलतं तो नंबर. आणि दुसऱ्या डोसची तारीख त्याच हातानं, त्याच पेनानं, तिच्यासमोर. लिहिताना वाचून दाखवते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून एकदा म्हणवून घेते.

याला मला दीड मिनिट लागतं. रांगेतली माणसं कुरकुरतात. मग मागची बाई कान देऊन ऐकायला लागते, आणि तिची पाळी येते तेव्हा तिला निम्मं पाठ झालेलं असतं.

परवा एकीचा सातव्या दिवशी फोन आला. “सिस्टर, ताप आलाय, तुम्ही लिहिल्याप्रमाणे. औषध दिलंय, दूध पितोय. नुसतं कळवायला फोन केला.”

तुमचीच,
लसीकरणाच्या टेबलावर केस पिकलेली एक सिस्टर